खडखडणारे भिंग

नववीत असताना मी एक भिंग फोडले. ते अजून माझ्याकडे आहे.

सन १९७१ ची दिवाळीची सुट्टी होती. वडील कोल्हापुरातल्या एका चित्रपटगृहात ऑपरेटर होते. भंगारवाल्याकडून त्यांनी एक जुना जादूचा कंदील, म्हणजे मॅजिक लँटर्न, वजनावर विकत आणला होता. काळ्या पत्र्याची पेटी, वर धुराड्यासारखी टोपी, पुढे पितळी नळी. आत मूळचा तेलाचा दिवा नव्हता. त्याच्या जागी कोणीतरी ५०० वॉटचा बल्ब बसवला होता. पेटी उचलली की आत काहीतरी खडखडायचे. मी उघडून पाहिले, तर चार इंच व्यासाची दोन जाड भिंगे एका पितळी कड्यात सैल बसलेली. इतकी महागाची वस्तू आणि अशी ढिली! वनस्पती तुपाच्या डब्याचा पत्रा कापून मी त्याची पट्टी केली, ती भिंग आणि कडे यांच्यामध्ये ठोकून बसवली आणि वरची चकती पक्की आवळली. खडखड थांबली. संध्याकाळी मोठ्या अभिमानाने दिवा लावला. दहा मिनिटांत आतून ‘टक्’ असा आवाज आला. दिव्याकडचे भिंग काठापासून मध्यापर्यंत तडकले होते.

वडील रागावले नाहीत. कडे हातात घेऊन, पट्टी काढत एवढेच म्हणाले, “खडखडतंय म्हणून आवळायचं नसतं रे. त्याला हलायला जागा ठेवलीया ती.”

या वाक्याचा अर्थ कळायला मला पदार्थविज्ञानाची पदवी घ्यावी लागली. पुढे तीस वर्षे तोच विषय शिकवला, आणि निवृत्तीनंतर जुन्या प्रक्षेपण यंत्रांतल्या काचा दुरुस्त करण्याचा नाद लागला. माझ्याकडे येणाऱ्या दहा फुटक्या काचांपैकी निम्म्याहून अधिक माझ्यासारख्याच कोणाच्या तरी मायेने फुटलेल्या असतात. म्हणून हा लेख.

जादूच्या कंदिलाचे घराणे

दिव्यापुढे काचेवरचे चित्र धरायचे आणि भिंगाने ते भिंतीवर मोठे करून पाडायचे, ही युक्ती साडेतीनशे वर्षांहून जुनी आहे. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स याने १६५९ च्या सुमारास असे यंत्र केल्याची नोंद सापडते. महाराष्ट्रात त्याला मोठे रूप दिले ते कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी. १८९२ साली त्यांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने प्रयोग सुरू केले. पौराणिक कथांतली चित्रे हाताने काचांवर रंगवायची, एकाच पात्राच्या निरनिराळ्या अवस्था वेगवेगळ्या काचांवर काढायच्या आणि त्या भराभर बदलून चित्र हलल्याचा भास निर्माण करायचा. सोबत निवेदन आणि गाणी. मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये ल्युमिए बंधूंच्या चलत्‌चित्रांचा पहिला खेळ झाला तो ७ जुलै १८९६ रोजी. म्हणजे मराठी माणसाने पडद्यावरचे हलते चित्र त्याच्याही आधी काचेवर पाहिले होते.

कोल्हापूरचा या घराण्याशी संबंध थोडा पुढचा. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नात्यातले भाऊ नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडे वळले. स्वतःचा कॅमेरा बनवायचा हा आनंदरावांचा ध्यास. पण ते १९१६ साली वारले. बाबूरावांनी तो कॅमेरा १९१८ मध्ये पुरा केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. खरी कॉर्नरला आज जो कॅमेऱ्याचा स्तंभ दिसतो, तो या पराक्रमाची आठवण आहे.

लोखंड-पितळेचे काम या गावाला कधीच अवघड वाटले नाही. आजही उद्यमनगरात जुना दातेरी चाकाचा तुकडा दाखवला, तर दोन दिवसांत तसाच नवा मिळतो. काचेचे तसे नाही. काच आपल्याकडे होत नव्हती असे नव्हे. लोकांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाचा तळेगावचा कारखाना १९०८ चा, कराडजवळ ओगले बंधूंचा कारखाना १९१६ चा. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील तर घरोघर होता. पण कंदिलाची काच वेगळी आणि भिंगाची काच वेगळी. भिंगाच्या काचेत बुडबुडा चालत नाही, पाकातल्या तारेसारखी रेघ चालत नाही, आणि भट्टीतून निघालेला गोळा दिवसेंदिवस, कधी आठवडेच्या आठवडे, सावकाश थंड करावा लागतो. घाई केली तर काचेत ताण कोंडून राहतो आणि घासताना ती फुटते. अशी काच भारतात बनू लागली ती स्वातंत्र्यानंतर, कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेतल्या कामामुळे. त्यामुळे जुन्या यंत्रातले पितळ पुन्हा घडवता येते. काच गेली की बहुधा गेलीच. तेव्हा दुरुस्तीची सुरुवात ती का फुटते हे समजून घेण्यापासून करावी लागते.

काच का तडकते?

आपल्या घरातल्या बायकांना हे शास्त्र पाठ होते. पेटत्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा थेंब उडू द्यायचा नाही, वात एकदम मोठी करायची नाही, आणि जाड पेल्यात उकळता चहा ओतण्याआधी त्यात चमचा ठेवायचा. जाड पेला फुटतो आणि पातळ टिकतो, हे अनेकांना उलटे वाटते. कारण असे की काच उष्णतेची मंद वाहक आहे. जाड पेल्याची आतली बाजू तापून फुगते, बाहेरची अजून गारच असते. दोघींची ओढाताण होते. पातळ काच मात्र आरपार लवकर तापते. म्हणजे काच उष्णतेने फुटत नाही. उष्णता असमान पोचली की फुटते.

आता जादूच्या कंदिलातली ती दोन जाड भिंगे घ्या. त्यांना कंडेन्सर म्हणतात. दिव्याचा पसरलेला प्रकाश गोळा करून तो चित्राच्या काचेतून पुढच्या भिंगाकडे वळवणे, हे त्यांचे काम. दोन्ही एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर. फुगीर बाजू एकमेकींसमोर. दिव्याजवळच्या भिंगाचा मध्य भराभर तापतो, काठ मागे राहतो. मध्य फुगू पाहतो आणि काठ ताणला जातो. काच दाबाला दणकट असते, ताणाला कच्ची. त्यात भिंगाच्या काठावर घासकामातले बारीक टवके असतातच. तड तिथून सुरू होते आणि मध्याकडे धावते.

काठ कड्याला घट्ट टेकला असेल, तर पितळ त्याची उष्णता ओढून घेते. काठ आणखी गार, ताण आणखी मोठा. मी पत्र्याची पट्टी ठोकून नेमके हेच केले होते. शिवाय पट्टीच्या कापलेल्या कडा दोन-तीन ठिकाणी काचेत रुतल्या होत्या. दिवा बंद केल्यावर वेगळाच धोका असतो. १०० मिलिमीटरचे साध्या काचेचे भिंग १०० अंशांनी तापले, तर सुमारे ०.०९ मिलिमीटरने वाढते. तेवढेच पितळ सुमारे ०.१९ मिलिमीटरने. फरक वहीच्या कागदाच्या जाडीएवढा. पण पितळी कडे पातळ असते, ते लवकर निवते आणि आकसते. जाड भिंग अजून गरम आणि फुगलेले असते. मध्ये मोकळी जागा असली तर काही होत नाही. ती भरून टाकली असली, तर आकसणारे कडे भिंगाचा गळा धरते.

म्हणून जुन्या कारागिरांनी भिंग सैल ठेवले, कड्याला वाऱ्यासाठी भोकेही पाडली. ती खडखड म्हणजे यंत्राचा दोष नव्हे, त्याची तब्येत ठीक असल्याची खूण आहे. चित्रपटगृहातल्या मोठ्या प्रोजेक्टरांतही हाच विचार दिसतो. उष्णता शोषणारी काच तिथे दिव्याची आच स्वतःवर घेते, त्यामुळे फार तापते. म्हणून काही यंत्रांत ती एकसंध न ठेवता शेजारी शेजारी पट्ट्यांची करतात. प्रत्येक पट्टीला फुगायला स्वतंत्र जागा मिळते. बनवणाऱ्याने ती आधीच ‘तोडून’ दिली आहे म्हणा ना.

कंडेन्सर, लेन्स आणि आरसा

तडकलेला कंडेन्सर चिकटवू नये. दिव्याजवळच्या उष्णतेत कोणताही चिकट पदार्थ पिवळा पडतो किंवा सुटतो. गंमत अशी की कंडेन्सरवरची तड पडद्यावर जवळजवळ दिसत नाही. पुढचे भिंग चित्राच्या काचेवर रोखलेले असते. कंडेन्सर त्या रोखाबाहेर असतो. त्यामुळे घाबरून जायचे कारण नाही. तुकडे निसटून पडण्याची भीती असेल तरच तो बदलावा. नवा घेताना व्यास आणि नाभीय अंतर मोजावे. सपाट बाजू आपल्याकडे ठेवून दूरच्या खिडकीचे चित्र समोरच्या भिंतीवर स्पष्ट पाडले, की भिंग ते भिंत हे अंतर बऱ्यापैकी उत्तर देते. नवे भिंग बोरोसिलिकेट काचेचे असावे; प्रयोगशाळेतली चंचुपात्रे त्याच काचेची असतात आणि ती साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच फुगते. जुने भिंग मात्र टाकू नये. कागदात गुंडाळून, चिठ्ठी लावून यंत्रासोबतच ठेवावे.

पुढच्या पितळी नळीतली लेन्स नाजूक खरी, पण तिचे दुखणे वेगळे. तिथे दोन निराळ्या काचांची भिंगे कॅनडा बाल्समने एकमेकांना चिकटवलेली असतात. हा एका देवदारवर्गीय झाडाचा राळेसारखा चीक. त्याचा अपवर्तनांक सुमारे १.५३ आणि साध्या भिंगकाचेचा १.५२, इतके जवळ की प्रकाशाला मध्ये सांधा आहे हे कळतही नाही. शंभर वर्षांत चीक वाळतो, पिवळा पडतो, काठाकडून सुटू लागतो आणि इंद्रधनुष्यी कडी किंवा नेच्याच्या पानासारखी नक्षी दिसते. लोक ती बुरशी समजून घासत बसतात. ती पृष्ठभागावर नसतेच, दोन भिंगांच्या पोटात असते.

दुरुस्ती करायचीच असेल, तर आधी दोन्ही भिंगांच्या काठावरून पेन्सिलने एकच ‘व्ही’ काढावा, म्हणजे पुन्हा जोडताना तीच दिशा मिळते. मग भिंग द्रावकात बुडवून ठेवावे आणि वाट पाहावी. कधी दोन दिवस, कधी तीन आठवडे. नख घालून उचकटू नये. गरम पाण्याची रीतही आहे. पण दोन काचा निरनिराळ्या प्रमाणात फुगतात, म्हणून पाणी गार असताना भिंग घालायचे, आच मंद ठेवायची आणि त्याच पाण्यात ते पूर्ण निवू द्यायचे. चित्र पुरेसे स्पष्ट पडत असेल, तर मी ही लेन्स उघडतच नाही.

आर्क प्रोजेक्टरचा आरसा हा माझ्या वडिलांचा विषय. कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये ठिणगी पेटे आणि तिचा प्रकाश मागचा अंतर्गोल आरसा पुढे फेकत असे. कांड्यांवर तांब्याचा मुलामा असे. वितळलेल्या तांब्याचे शिंतोडे उडून आरशाच्या काचेला देवीच्या वणांसारखे खड्डे पडत. ते भरून निघत नाहीत. आरसा गरम असताना ओले फडके लावायचे नाही, एवढाच त्यावर इलाज. आणि तो कंदिलाच्या काचेइतकाच जुना आहे.

बळीची काच

यंत्रातले भिंग बदलता येते. चित्राच्या काचेचे काय? दोन वर्षांपूर्वी कागल तालुक्यातल्या एका कुटुंबाने मला एक पेटी आणून दिली. पणजोबा जत्रांतून जादूच्या कंदिलाचे खेळ करायचे. सव्वातीन इंच चौरस काचांवर हाताने रंगवलेली चित्रे, वर दुसरी संरक्षक काच, कडेने काळ्या कागदाची पट्टी. बहुतेक काचांच्या पट्ट्या कसरीने खाल्ल्या होत्या, काहींवर पावसाळ्यातली बुरशी होती. पण ज्यासाठी ते आले होते, ती वामन आणि बळीची काच तीन तुकडे होऊन पडली होती आणि घरातल्या एका तरुणाने ती आधीच झटपट गोंदाने जोडली होती. आणखी महिनाभराने पाडवा. नव्वदीच्या आजींना तो खेळ दाखवायचा होता.

सांधे वाकडे बसले होते, ते एक वेळ चालले असते. पण अशा गोंदाची वाफ बंद जागेत कोंडली की पांढरी बुरशट साय धरते. ती रंगावर बसली होती, आणि बरोबर बळीच्या चेहऱ्यावर. गोंद ज्या द्रावकाने सुटतो, त्याच द्रावकाने चित्रावरचे जुने वार्निशही विरघळते. एका कोपऱ्यातल्या न दिसणाऱ्या ठिपक्यावर कापसाची काडी लावून पाहिली. कापसाला हिरवा रंग आला. मी थांबलो. त्या मुलाला सांगितले, हे आता सुटणार नाही. त्याचा चेहरा उतरला. “मी बरं करायला गेलो हो सर,” म्हणाला. मी त्याला माझे १९७१ चे भिंग दाखवले.

त्याने नुसते तुकडे आणले असते, तर काम सोपे होते. फुटलेल्या चित्रकाचेला गोंद लागतच नाही. खालून उजेड देऊन आधी तिचा फोटो काढायचा. रंगाच्या बाजूला पाणी, फुंकर, कापड काहीही लावायचे नाही. फुंकरीतही थुंकीचे कण असतात. वरची काच रंगाला चिकटली असेल, तर ती वेगळी करायची नाही. तुकडे एका नव्या स्वच्छ काचेवर शेजारी शेजारी मांडायचे, कडेने कागदाची चौकट ठेवायची म्हणजे रंग टेकणार नाही, वर दुसरी काच ठेवायची आणि आम्लरहित कागदी पट्टीने चारी कडा बांधायच्या. उद्या कोणाला अधिक चांगले तंत्र सापडले, तर पट्टी कापली की सगळे पूर्ववत. पडद्यावर तडीची काळी रेघ दिसेल. प्रकाश तिथे नाहीसा होत नाही. तडीच्या कडांवर वाकून लेन्सच्या बाहेर जातो, म्हणून पडद्यावर काळोख उमटतो. ती रेघ दिसू द्यावी.

बळीच्या काचेचे शेवटी असे केले: ती आहे तशी दोन काचांत बांधून पेटीत ठेवली. फोटोवरून पारदर्शक फिल्मवर प्रत काढली, ती सव्वातीन इंची काचेत बसवली आणि कंदिलात ५०० वॉटच्या बल्बऐवजी १५ वॉटचा एलईडी लावला. त्या बल्बची बहुतेक वीज उष्णता होऊनच जाते. एलईडीची उष्णता त्याच्या पाठीमागच्या धातूच्या पंख्यांतून निघून जाते, चित्रावर फारशी येत नाही. मुलाने संगणकावर बळीचा चेहरा नवा रंगवायची तयारी दाखवली. मी म्हटले, जरूर कर, पण ती वेगळी काच होईल आणि तिच्या कडेवर तुझे नाव आणि साल लिही. त्याने विचार केला आणि नको म्हणाला.

पाडव्याला त्यांच्या सोप्यात पांढरे धोतर बांधून खेळ लावला. बळीच्या तोंडावर धुके तसेच होते. आजींनी बराच वेळ पाहिले. धुक्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, “उलटं लावलंसा. बळी डाव्या अंगाला हुता.”

त्यांचे बरोबर होते. मूळ काचेच्या कोपऱ्यात शेंदराचा एक ठिपका होता. काच कोणत्या बाजूने, कशी घालायची, हे अंधारात कळावे म्हणून खेळवाले अशी खूण करत. विलायती काचांवर त्या जागी पांढरी टिकली असते. मी तो ठिपका पाहिला होता, डाग समजलो होतो आणि प्रतीतून तो वगळला होता. इतकी वर्षे दुसऱ्यांना सांगतो आहे की न कळलेली गोष्ट दुरुस्त करायला जाऊ नका. आणि मीच ती करून बसलो. काच फिरवून घातली. बळी डावीकडे आला. मग आजींनी त्या चित्रावेळी म्हणायचे ते सांगायला सुरुवात केली, आणि मुलाने फोनवर ते टिपून घेतले.

घरी अशी काच असेल तर

पुष्कळ घरांच्या माळ्यावर अजून एखादा जुना प्रोजेक्टर, सिनेमाच्या जाहिरातीच्या काचा, किंवा आजोबांनी काढलेल्या पारदर्शिकांचा डबा असेल. या दिवाळीच्या साफसफाईत तो हाती लागला, तर एवढे करावे. यंत्र लगेच विजेला लावू नये. खडखडणारे काही आवळू नये. फुटलेल्या काचेचे सगळे तुकडे, अगदी चुराही, निरनिराळ्या कागदांत गुंडाळून एकाच डब्यात ठेवावेत. एकमेकांवर घासू देऊ नयेत. गोंद, टेप, काच पुसायचे फवारे दूर ठेवावेत. काचा आडव्या रचू नयेत, वह्यांसारख्या उभ्या ठेवाव्यात, आणि जून ते सप्टेंबर डब्यात सिलिका जेलची पुडी असावी. कोपऱ्यातले ठिपके, कडेवरची अक्षरे, आकडे पुसू नयेत. घरात कोणी वडीलधारे असेल, तर तो डबा आधी त्यांच्यासमोर उघडावा आणि मग दुरुस्तीवाल्याकडे न्यावा.

तडकलेल्या भिंगाच्या जागी मी नवे भिंग बसवले आहे, सैलच. परवा नात पेटी उचलून म्हणाली, “आजोबा, आतलं काहीतरी सुटलंय.” मी सांगितले, सुटलेले नाही, तसेच ठेवले आहे. तिने पुन्हा एकदा हलवून ऐकले आणि पेटी जपून खाली ठेवली.